बड्या सरांच्या चिठ्ठ्या आणि माझं ‘जी’

मला उर्दू वाचता येत नव्हती आणि मी उर्दू शाळेत विज्ञान शिकवत होते. आता निवृत्त होऊन इतकी वर्षं झालीत की हे कबूल करायला काही हरकत नाही. कोण काय वाकडं करणार आहे?

तुम्ही म्हणाल, मुसलमानाची पोरगी आणि उर्दू येत नाही? हा प्रश्न मला आयुष्यभर विचारला गेलाय आणि दर वेळी माझं डोकं फिरलंय. अहो, आमच्या मलकापुरात माझी शाळा मराठी, शेजार मराठी, अब्बांच्या शिलाईच्या दुकानातलं गिऱ्हाईक मराठी. घरात बोलायची ती आमची खिचडी, ‘पानी तापा क्या, की अजून न्हाय?’ अशी. कुराण शरीफ मी लहानपणी वाचलं होतं, पण ते छापील, खाली-वर सगळ्या खुणा लावलेलं, एकेक अक्षर नीट ओळखू येणारं. हाताने लिहिलेल्या उर्दूत खुणाबिणा काही नसतात. ज्याला येतं त्याला येतं, बाकीच्यांनी कागदाकडे बघत बसायचं.

बी.एस्सी., बी.एड. झाले आणि मराठी पेपरात कोल्हापूरच्या एका उर्दू हायस्कुलाची जाहिरात आली. मुलाखतीला संस्थेचे तीन बुजुर्ग बसले होते. त्यांनी माझं नाव विचारलं, अब्बांचं विचारलं, मलकापुरातले त्यांचे कोण कोण पाहुणे मला माहीत आहेत ते विचारलं, आणि चहा मागवला. बशीत चहा ओतता ओतता एक जण म्हणाले, “उर्दू तो आती ही होगी.”

मी म्हणाले, “जी.”

बस. एवढंच खोटं बोलले मी. एका अक्षराचं! पण त्या एका ‘जी’नं पुढची दोन वर्षं माझ्या जिवाला घोर लावला.

खोटं का बोललीस, असं म्हणाल, तर मलकापुरात माझा आतेभाऊ बसला होता. त्याचा सोडावॉटरचा कारखाना होता. माणूस वाईट नव्हता हो, पण बोलायचा फक्त सोड्याबद्दल. गोटी कशी बसते, गॅस किती मारावा, उन्हाळ्यात बाटली कशी फुटते. अब्बांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, “दोन वर्षं दिली. नोकरीत कायम झालीस तर तुझं तू बघ, मी मधी पडत न्हाय. न्हाय झालीस तर गुमान परत यायचं आणि निकाह.” म्हणजे एकीकडे कायमचा हुकूम आणि दुसरीकडे जन्मभर गोटी सोडा. मी तरी काय करणार होते?

त्याच जूनमध्ये शाळेत नवे हेडमास्तर आले. पोरं त्यांना बडे सर म्हणायची. उंच, काटकुळे, केस वयाच्या मानानं जरा जास्तच काळे. ऑफिसात बोलायचे ते अशी नितळ उर्दू की मला निम्मी कळायची नाही. पण राग आला की आतला कोल्हापुरी गडी बाहेर यायचा, “काय ओ बाई, डोस्कं फिरलं काय तुमचं?” असा.

त्यांच्या आधीच्या हेडमास्तरांनी म्हणे ऑफिस कधी सोडलं नाही. टेबलावर छडी ठेवून ते तिथं बसत आणि शिक्षक वर्गात पुस्तक वाचत. शिक्षक वाचायचे, पोरं डुलक्या घ्यायची, आणि दहावीच्या निकालादिवशी शिपाई फाटक लावून घ्यायचा. आई-बाप भांडायला येतील म्हणून. विज्ञानात तर पास होणाऱ्या पोराकडे लोक संशयानं बघायचे.

बड्या सरांनी पहिल्याच आठवड्यात छडी शिपायाला देऊन टाकली. त्यानं तिचा पडद्याला दांडा केला. आणि ते वर्गावर्गांत फिरू लागले. पण त्यांच्या पायात अस्सल कापशी चपला, करकर वाजणाऱ्या. तीन वर्गांच्या पलीकडून आवाज यायचा आणि तोपर्यंत सगळे शिक्षक उभे राहून तावातावानं शिकवायला लागायचे. हे त्यांच्या ध्यानात आलं. मग काय, चपला काखेत मारल्या आणि अनवाणी फिरू लागले! बघावं तर बडे सर मागच्या बाकावर, गुडघे हनुवटीला टेकलेले, शेजारच्या पोराला हळूच विचारतायत, “हे काय म्हणाल्या रे? मला न्हाय कळलं.” आणि त्यांना खरंच कळायचं नाही. त्यांचा विषय फारसी, विज्ञानाशी उभ्या जन्मात संबंध नाही. आमचं मात्र धाबं दणाणायचं.

तास संपला की जाताना ते शिक्षकाच्या हातात एक चिठ्ठी ठेवायचे. तासाबद्दलच्या सूचना. काय चांगलं, काय वाईट, पुढच्या वेळी काय करावं. उर्दूत!

पहिली चिठ्ठी हातात आली तेव्हा माझी बोबडी वळली. शाईत पाय बुडलेली मुंगी कागदावरून पळत गेली असावी, असं ते अक्षर. “समझ गयीं?” त्यांनी विचारलं. मी म्हणाले, “जी.” चिठ्ठी पर्समध्ये गेली. दुसरी आली, तीही गेली. कुणाला दाखवायची सोय नव्हती. पोरांना कशी दाखवणार? आणि शिक्षकांना दाखवली तर संध्याकाळपर्यंत साऱ्या गावाला कळलं असतं.

वर्गातला प्रकार तर त्याहून भारी. विज्ञानाचं पुस्तक मराठीत आणि उर्दूत सारखंच असायचं, तीच चित्रं, तेच धडे. मी मराठी पुस्तकाला उर्दू पुस्तकाचं कव्हर घातलं. घरी मराठीत तयारी करायची आणि वर्गात बोलीत सांगायचं. पण फळ्यावर लिहायचं कुणी? आणि ते उर्दू शब्द! प्रकाशसंश्लेषणाला तिथं काय म्हणतात, मला काय ठाऊक?

म्हणून मी खडूच हातात घेतला नाही. वर्गात एका फळवाल्याची मुलगी होती. आवाज बापाकडून आलेला, मंडईतल्या कोलाहलात ऐकू जाईल असा. तिला फळ्यापाशी उभी केली. मग मी विचारायची, “झाड उन्हात आपला सैपाक करतंय. कसा करतं? आणि त्या सैपाकाला तुमच्या पुस्तकात काय म्हटलंय? शोधा!” पोरं पुस्तकावर तुटून पडायची. एक ओरडायचा, दुसरा म्हणायचा ते नव्हं, तिसरी म्हणायची पुढचं पान बघ. फळवाल्याची पोर म्हणायची, “गप बसा, एकेकानं सांगा!” आणि ठरेल ते फळ्यावर लिहायची. चुकलं तर वर्गच भांडून दुरुस्त करायचा, कारण मला चूक दिसायचीच नाही. मी फक्त विचारायची, “सगळ्यांना पटलं? नक्की?” आणि पटलं की आपलं, “शाब्बास.”

असा माझा तास म्हणजे बाजार भरायचा. मला वाटायचं, आज हाकलतील, उद्या हाकलतील. सहामाही झाली आणि विज्ञानाचे पेपर तपासायला आले. आता ते मी कसे तपासले, ते मात्र विचारू नका. बरं, सांगते. दहावीच्या पोरांना नववीचे दिले आणि नववीच्यांना दहावीचे, आणि उत्तर वाचून दाखवायला लावलं. वर्गाला विचारायचं, पाचपैकी किती? पोरांसारखे कडक परीक्षक मी आजवर पाहिलेले नाहीत. एका पोरानं तर नाव न बघता आपल्या सख्ख्या बहिणीला भोपळा दिला आणि घरी जाऊन मार खाल्ला. तरीही, तुम्हाला खोटं वाटेल, पोरं पास झाली होती. नुसती पास नाही, त्यांना येत होतं! बडे सर एकेकाला उभं करून विचारायचे आणि पोरं धडाधडा सांगायची. वार्षिक परीक्षेतही तेच झालं. त्या वर्षी निकालादिवशी फाटक उघडं राहिलं.

बडे सर हवेत. संस्थेच्या लोकांना त्यांनी सांगितलं, ही बाई आली तेव्हा नवखी होती, मी चिठ्ठ्या लिहून लिहून तिला घडवलं. मी शेजारीच उभी. मी म्हणाले, “जी.”

एवढ्यावर थांबतील तर ते बडे सर कसले. दुसऱ्या वर्षी फर्मान निघालं की सगळ्या शिक्षकांनी आपांची, म्हणजे माझी, पद्धत वापरावी, काम पोरांच्या हातात द्यावं. इतिहासाचे सर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. ड्रिलच्या सरांनी हुकूम शब्दशः पाळला आणि शिट्टी पोरांना देऊन टाकली. त्या तासाला सर स्वतःच मैदानाला अकरा फेऱ्या मारून आले आणि दोन दिवस रजेवर गेले. दीनियातचे, म्हणजे धर्मशिक्षणाचे, मौलवीसाहेब तेवढे खूश होते. त्यांना तसंही उभं राहायला जमत नव्हतं.

पण खरं सांगते, शाळा जागी झाली होती. व्हरांड्यातून गेलं की प्रत्येक वर्गातून पोरांचा आवाज यायचा. कुठं बरोबर, कुठं चूक, पण पोरांचा! तो ऐकून मला बरं वाटायचं आणि भीतीही वाटायची. कारण दोन वर्षं भरत आली होती. कायम करायचं की नाही, याचा अहवाल बडे सर लिहिणार होते.

आणि तशात एक शिक्षणाधिकारी शाळा बघायला येणार असं कळलं. बडे सर म्हणाले, “मोहतरमा, आपल्या पद्धतीवर मी एक भाषण लिहिलंय. तुम्ही वाचायचं.” मी म्हणाले, आधी द्या, तयारी करते. ते म्हणाले, तयारीची काय गरज, तुमचंच तर आहे. आणि पाहुणे खुर्चीवर टेकत होते तेव्हा खिशातून चार घडीचे कागद काढून त्यांनी माझ्या हातात कोंबले.

मी उठले. कागद उलगडले. तोच मुंगीचा प्रवास. समोर साहेब, शेजारी बडे सर, मागे सगळी शाळा. डोळ्यांसमोर मलकापूरचा स्टँड आला. मग म्हटलं, मरायचंच तर ओरडून मरू! कागद नाकासमोर धरले आणि दिलं सुरू करून. पोरांनी शोधावं, पोरांनी भांडावं, शिक्षकानं मध्ये लुडबुड करू नये. मनाला येईल ते बोलले. मधूनच थांबायची, ओळीवरून बोट फिरवायची, पान उलटायची. एका ठिकाणी तर “हे महत्त्वाचं आहे, म्हणून पुन्हा वाचते,” असंही म्हणाले! साहेब मराठी माणूस, मान डोलवत होते. टाळ्या पडल्या. चहा-खारी झाली, साहेब खूश होऊन गेले.

साहेबांना फाटकापर्यंत पोचवून आल्यावर बड्या सरांनी मला ऑफिसात बोलावलं. दार लावून घेतलं. मी मनात म्हटलं, झालं, बोऱ्या वाजला. तर ते खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायला लागले.

“कमाल आहे तुमची! भाषण माझ्या आतल्या खिशातच राहिलं हो. तुम्हाला मी चुकून भाच्याच्या लग्नाची यादी दिली. बासमती, तूप, बकरे, मांडव! आणि तुम्ही हूं की चूं केलं नाही. काय प्रसंगावधान!”

मी घाम पुसला आणि म्हणाले, “जी.”

इथं मी सुटले होते. सलाम करून दार उघडायचं तेवढं बाकी होतं. पण बडे सर एकदम गंभीर झाले. खाली बघून पेपरवेट फिरवायला लागले. “म्हणजे तुम्ही यादी सगळी पाहिलीत.”

“जी.”

“शेवटची ओळसुद्धा?”

“जी.”

“मग... काय वाटलं तुम्हाला?”

शिक्षकाला कौतुक कळतं, तसं ते करायलाही येतं. मी म्हणाले, “सर, मला तर शेवटची ओळच सगळ्यात जास्त आवडली. पोरांनासुद्धा सांगावी अशी आहे. मी तर म्हणते, सकाळच्या प्रार्थनेला वाचून दाखवू या.”

बड्या सरांचा चेहरा पांढरा पडला, मग तांबडा झाला, तो उतरेचना. त्यांनी माझ्या हातातले कागद ओढून घेतले आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. “वाचा.”

मी त्या बोटाकडे बघत राहिले.

“वाचा की ओ बाई!”

मी खुर्चीत बसले आणि रडायला लागले. सगळं सांगितलं. मलकापूर, मराठी शाळा, ते एक ‘जी’. शेवटच्या ओळीत काय होतं, ते मग त्यांच्याच तोंडून निघालं. ‘केसांचा कलप, काळा, दोन डब्या, घरी कळू देऊ नये.’

कलपाचा राग त्यांनी गिळला. पण दुसरं त्यांच्या लक्षात आलं आणि ते ताडकन उठले. “आणि माझ्या चिठ्ठ्या?”

“सगळ्या जपून ठेवल्यात, सर.”

“वाचल्या कुणी?”

“कुणीच नाही.”

“मी लिवलं हुतं, पोरांना कळंब्याच्या तळ्यावर न्या, पाण्यातल्या वनस्पती दाखवा. तुम्ही न्हेलं!”

“वर्गात उकडत होतं म्हणून नेलं, सर.”

“मी लिवलं हुतं, वर्गाचा आवाज जरा कमी करा!”

“ते तेवढं राहिलं.”

ते मटकन खाली बसले. मला वाटलं होतं ओरडतील, हाकलतील. पण त्यांचं तोंड इतकं पडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. “म्हणजे मी काहीच केलं न्हाय,” ते हळूच म्हणाले. “दोन वर्षं रोज रात्री जागून लिवत बसलो. चिठ्ठ्यांनी शाळा सुधारली म्हणून सगळ्या गावाला सांगितलं.”

तेव्हा मला राग आला. माझा स्वभावच तसा. मी रडता रडता ओरडले, “केलं न्हाय कसं? तुम्ही मागच्या बाकावर येऊन बसत होता की! तुम्ही कधी याल याचा नेम नाही म्हणून मी रोज तयारी करून यायची. तुम्ही पोरांना ‘मला न्हाय कळलं’ म्हणून विचारायचा, म्हणून त्यांची भीड मोडली. हेडमास्तरालाच कळत न्हाय म्हटल्यावर त्यांना काय लाज वाटणार? आधीचे साहेब असते ना, तर माझ्या वर्गातला तो बाजार बघून पहिल्या आठवड्यात मला मलकापूरच्या यष्टीत बसवलं असतं. तुम्ही बसून ऐकलात. चिठ्ठ्यांचं काय घेऊन बसलाय!”

त्यांनी खिशातून रुमाल काढला. मग नाक शिंकरून म्हणाले, “उर्दू शाळेत उर्दू न वाचणारी बाई मी कायम कशी करू? लोक काय म्हणतील? फेब्रुवारीपर्यंत शिका. न्हाय जमलं, तर मी तसाच अहवाल देणार.”

दुसऱ्या दिवसापासून मी पाचवीच्या उर्दूच्या तासाला पहिल्या बाकावर. दहा वर्षांची पोरं माझी पाटी बघून हसू दाबायला तोंडात बोळे कोंबायची. पहिल्या श्रुतलेखनाला वीसपैकी दोन मिळाले. शेजारची चिमुरडी मला म्हणाली, “रडू नका आपा, मलाबी आधी येत नव्हतं.” दहावीची माझी पोरं खिडकीतून बघून जायची. अब्रूचं खोबरं झालं, दुसरं काय. पण मी हट्टी. घरी रोज चार पानं गिरवली. हात बसला. आणि फेब्रुवारीपर्यंत मी असं काही वळणदार लिहायला लागले की मौलवीसाहेबसुद्धा माशाल्ला म्हणाले.

परीक्षेच्या दिवशी बडे सर दहावीच्या वर्गात मागच्या बाकावर बसले. मी दोन वर्षांत पहिल्यांदा खडू हातात घेतला. पाठ वळवली आणि अख्खा धडा फळ्यावर उतरवून काढला. बाष्पीभवन, तापमान, सगळे उर्दू शब्द, एक नुक्ता, एक टिंबसुद्धा चुकलं नाही. काय अभिमान वाटत होता मला! आता काय हिंमत आहे कुणाची मला परत पाठवायची!

लिहून झाल्यावर वळले. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. सगळी पोरं माना खाली घालून उतरवून घेत होती. कुणी भांडत नव्हतं. कुणी काही विचारत नव्हतं. मागच्या ओळीतला एक जण पेंगत होता, माझ्या तासाला!

बड्या सरांनी वर्गाला विचारलं, “काय रे, ठेवायच्या का आपांना? कायमच्या?”

सगळे एकमेकांकडे बघू लागले. फळवाल्याची पोर उठली. “ठेवा की, सर! दुसरं कोण पायजे कुणाला?” मग माझ्याकडे बघून तिचा आवाज पहिल्यांदाच जरा खाली आला. “पण त्यांना फळ्याजवळ तेवढं जाऊ देऊ नका.”

वर्ग हसला. बडे सर हसले. मला रडू फुटलं. आनंदाचं की अपमानाचं विचाराल तर दोन्हीचं, आणि मी ते लपवलंही नाही. फळा पुसला आणि खडू तिच्या हातात दिला. ती लगेच ओरडली, “ओला कपडा वाळतो तेव्हा पाणी कुठं जातं? सांगा!” आणि वर्गात जो कालवा उठला, तो शेजारच्या वर्गापर्यंत गेला. मी मागे गेले. बडे सर बाकावर जरा सरकले, आणि मी त्यांच्याशेजारी बसले.